तलावाच्या काठचा उतार : वापर सर्वांचा, दुरुस्ती कोणाची?

फुलसावंगीत कापडाच्या दुकानात बसून तलावातल्या नावांबद्दल लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. आमचा संबंध ताग्यांशी, मीटरपट्टीशी आणि उधारीच्या वहीशी. परंतु व्यापाराच्या या पानावर दरवेळी भाव, कर आणि कर्जाच्या योजना यांचीच चर्चा होते. ज्या वाटेने माल आणि गिऱ्हाईक आपल्यापर्यंत पोहोचतात त्या वाटेची चर्चा क्वचितच होते. अशीच एक वाट म्हणजे तलावाच्या काठावर पाण्यात उतरत गेलेला काँक्रीटचा किंवा फरशीचा पट्टा. कोणी त्याला घाट म्हणतात, कोणी धक्का, तर सरकारी कागदावर तो रॅम्प असतो. आम्ही त्याला साधा उतार म्हणतो. नाव पाण्यात सोडायची, पाण्याबाहेर ओढायची, मासळी उतरवायची, माणसे आणि सामान चढवायचे, हे सगळे त्या उतारावर होते.

आमच्या महागाव तालुक्यात पूस नदीवर अधर पूस प्रकल्प आहे. पुसदजवळ पूस धरण आहे. पैनगंगेवर, यवतमाळ आणि हिंगोली जिल्ह्यांच्या सीमेवर, इसापूरचे मोठे धरण आहे. त्याचा उपयुक्त साठाच सुमारे ९६४ दशलक्ष घनमीटर आहे. धरण म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर कालवा आणि ऊस येतो. पण धरणाच्या पाण्यावर दुसरीही एक रोजी चालते. ती मासेमारांची, नावाड्यांची, बर्फवाल्यांची आणि मासळी घेऊन गावोगाव फिरणाऱ्या बायाबापड्यांची. ही माणसे आमची गिऱ्हाईके आहेत. हंगाम चांगला गेला की लुंगी, चादर, लेकीच्या लग्नाची पातळे यांची उधारी वेळेवर फिटते. मासळी काठावर सडली की आमच्या वहीतले नाव पुढच्या पानावर जाते. म्हणून तलावाच्या काठचा मोडका उतार हा आमच्याही धंद्याचा प्रश्न आहे.

आमचाच एक अनुभव

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एका जलाशयाच्या पलीकडच्या गावात लग्नसराईचा माल पोहोचवायचा होता. रस्त्याने फार लांबचा वळसा पडत होता, म्हणून आम्ही नाव ठरवली. उतारावर पोहोचलो तर पाणी खाली गेलेले आणि उताराचे शेवटचे टोक तुटून लटकलेले. त्याच्या खाली गुडघाभर खड्डा. नावाड्याने नाव बाजूच्या चिखलात लावली. हमाल गठ्ठा डोक्यावर घेऊन निघाला, शेवाळावरून त्याचा पाय सरकला आणि तो गठ्ठ्यासह त्या खड्ड्यात गेला. लाल पातळांचा रंग पांढऱ्या मांजरपाटावर उतरला आणि दोन गठ्ठे माल वाया गेला. त्या नुकसानीचे दुःख आज राहिलेले नाही. पण हमालाचा खांदा निखळला आणि तो तीन आठवडे घरी बसला, हे आम्ही विसरलेलो नाही. दवाखान्याचा खर्च आम्ही दिला. त्याच्या बुडालेल्या रोजीचा पूर्ण हिशेब मात्र त्यावेळी केला नाही, ही कबुली येथे देतो.

आम्ही रागारागाने संबंधित कार्यालयात गेलो. तेथील बाबूंनी शांतपणे फाईल काढली आणि म्हणाले, "या उताराबद्दल एकही लेखी तक्रार आमच्याकडे नाही." आम्हाला धक्का बसला. तो खड्डा दोन वर्षांपासून सर्वांना माहीत होता. मासेमार त्याला शिव्या देत होते, नावाडी देत होते, आम्हीही देत होतो. पण कागदावर एक ओळ कोणी लिहिली नव्हती. आम्ही उर्दू शाळेत शिकलेले. सरकारी मराठीत अर्ज लिहायचा म्हटले की हात कचरतो. मासेमारांची अडचण त्याहून मोठी. प्रत्येकाला वाटत होते की दुसऱ्याने अर्ज दिला असेल.

दुसरी गोष्ट त्याहून कडू होती. परत येताना नावाड्याने सांगितले, "शेठ, हा उतार पाण्याने तुटला नाही. तुमच्यासारख्यांचे भरलेले टेम्पो पाण्यापर्यंत उतरवत होते, त्यांनी तोडला." बोलणे खरे होते. हमाली वाचावी म्हणून व्यापारी मालाचा टेम्पो थेट टोकापर्यंत नेत होते. त्यात आम्हीही होतो. ज्या खड्ड्यात आमचा माल पडला, तो पाडण्यात आमचाही वाटा होता.

उतार मोडतो कोठे?

या अनुभवानंतर आम्ही गवंडी, नावाडी आणि ओळखीच्या इंजिनिअर मंडळींशी बोलून माहिती घेतली. कापड जसे काठापासून उसवते, तसा उतार त्याच्या पाण्याखालच्या टोकापासून मोडतो. वरचा भाग शाबूत दिसतो आणि पाहणीला येणारा माणूस तोच पाहून जातो.

टोक तुटण्याची कारणे तीन आहेत. पहिले कारण लाटा आणि इंजिनाचा पंखा. इंजिनाची नाव उतारावर टेकवून चालक पंखा जोरात फिरवतो. नाव निघते, पण पंख्याने ढकललेले पाणी टोकाखालची माती खणून काढते. हळूहळू टोक अधांतरी राहते आणि एखाद्या दिवशी भरलेल्या ट्रॉलीचे चाक त्यावर आले की तुटते. दुसरे कारण आमच्या भागातील काळी माती. ही माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसून भेगाळते. शेतात ते चालते, पण तिच्यावर सरळ ओतलेले काँक्रीट दरवर्षी वर उचलले जाते आणि खाली बसते. धरणाच्या काठावर हा खेळ दरवर्षी होणारच, कारण पाणी पावसाळ्यात चढते आणि उन्हाळ्यात उतरते. तिसरे कारण वजन. उतार नावेसाठी आणि रिकाम्या ट्रॉलीसाठी बांधलेला असतो. त्यावर गिट्टीचे, ऊसाचे किंवा मालाचे वाहन नेले तर तो किती दिवस टिकणार?

यात आणखी एक गोष्ट आहे. गावतळ्याचे पाणी थोडे खालीवर होते, धरणाचे फार होते. उताराचा ढाळ आठास एक, म्हणजे आठ फूट लांबीला एक फूट खोली असा धरला, तर पाणी दहा फूट उतरल्यावर उतार आणखी ऐंशी फूट लांब हवा. नैसर्गिक काठ तर याहून सपाट असतो. तेथे पाणी थोडे उतरले तरी शेकडो फूट मागे सरकते. सोलापूर जिल्ह्यातील उजनी धरणाचा साठा उन्हाळ्यात शून्याच्या खाली, म्हणजे 'उणे' टक्क्यांत मोजला जातो, हे आपण वर्तमानपत्रात वाचतोच. अशा वेळी पावसाळ्याच्या पातळीला बांधलेला सुंदर उतार कोरड्या जमिनीवर उभा असतो आणि माणसे चिखलातून नावेपर्यंत जातात. म्हणून उतार बांधताना किंवा वाढवताना उन्हाळ्यातल्या पाण्याची खूण पाहिली पाहिजे. उद्घाटनाच्या दिवशीची पातळी धरून चालत नाही.

दुरुस्ती मे महिन्यातच

आपल्याकडे सरकारी कामे मार्चअखेर उरकण्याची पद्धत आहे. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते, निधी परत जाऊ नये म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये धावपळ होते. रस्त्याच्या कामाला ते एकवेळ चालेल. उताराच्या कामाला अजिबात चालत नाही, कारण मार्चमध्ये उताराचे मोडलेले टोक बहुधा पाण्याखाली असते. ठेकेदार जे दिसते त्यावर गिलावा करतो, बिल निघते, आणि मे महिन्यात पाणी उतरले की तोच खड्डा पुन्हा तोंड वर काढतो.

टोक उघडे पडते ते मे महिन्यात. काँक्रीटला पुरती ताकद यायला २८ दिवस लागतात. आणि जूनच्या मध्यापासून पावसाचा भरवसा नसतो. हिशेब सरळ आहे. १० मेपर्यंत काँक्रीट ओतले तर ७ जूनला २८ दिवस पुरे होतात. त्यासाठी जानेवारीत पाहणी आणि अर्ज, फेब्रुवारीत अंदाजपत्रक, मार्चअखेर कामाचा आदेश आणि साहित्याची खरेदी, एप्रिलमध्ये साहित्य काठावर, मेच्या पहिल्या आठवड्यात खोदकाम, असा क्रम ठेवला पाहिजे. पैसा मार्चमध्ये बांधून ठेवावा आणि काम मेमध्ये करावे, एवढीच मागणी आम्ही करीत आहोत.

दुरुस्ती कशी करावी?

बारीक तांत्रिक बाबी इंजिनिअर पाहतील. पण ज्याच्या डोळ्यांसमोर काम होते त्याला चार गोष्टी माहीत असल्या तर फसवणूक कमी होते.

पहिली गोष्ट, तुटलेल्या भागाखालची काळी माती किमान दोन फूट काढून तेथे चांगला मुरूम थराथराने पाणी मारून कुटून भरावा. मुरूम न भरता ओतलेले काँक्रीट म्हणजे अस्तर नसलेला कोट. दुसरी गोष्ट, टोकाला आडवी भिंत हवी. ती जमिनीत दोन फूट तरी खाली जावी, म्हणजे पाणी पोटाखाली शिरणार नाही. भिंतीच्या पुढे मोठे दगड नुसते टाकू नयेत, ते रचावेत किंवा तारेच्या जाळीत भरावेत. तिसरी गोष्ट, पृष्ठभाग गुळगुळीत नसावा. काँक्रीट ओले असतानाच आडव्या, किंचित तिरप्या खाचा पाडाव्यात. त्यामुळे चाक आणि पाय धरून राहतात आणि पाणी बाजूला निघून जाते. घराच्या ओट्यासारखा घोटलेला उतार दिसायला छान, पण पहिल्याच शेवाळाला माणूस पाडतो. चौथी गोष्ट, पाणी मारणे. मे महिन्याच्या उन्हात काँक्रीट काही तासांत वरून वाळते आणि तडकते. त्यावर ओले गोणपाट अंथरावे किंवा मातीचे वाफे करून पाणी साठवावे, आणि हे किमान दोन आठवडे करावे. गोणपाट उन्हात एका तासात कोरडे होते, हे कापडवाल्याला सांगावे लागत नाही. त्यामुळे दिवसातून एकदा पाणी मारून भागणार नाही, माणूस नेमावा लागेल.

साहित्य किती लागेल? समजा उतार ४ मीटर रुंद आहे आणि टोकाकडचा ६ मीटरचा भाग १५ सेंटिमीटर जाडीने नव्याने करायचा आहे. टोकाची आडवी भिंत धरून काँक्रीट सव्वाचार घनमीटरच्या आसपास होते. त्याला सुमारे ३५ पोती सिमेंट, पाऊण ब्रास रेती, दीड ब्रासपर्यंत गिट्टी आणि भरावासाठी पाच ब्रास मुरूम लागेल. मजुरी आणि दगड वेगळे. एका मध्यम दुकानदाराच्या दिवाळीच्या खरेदीपेक्षा हा खर्च मोठा नाही. एवढ्या कामासाठी वर्षानुवर्षे माणसे चिखलात पडतात.

लोखंडी कामाला तर लांब जाण्याची गरज नाही. नाव बांधायची कडी, साखळी, हाताने धरायचा दांडा, वाहने अडवणारा खांब हे सगळे गावातला वेल्डर करून देतो. आमच्या फुलसावंगीतील एका तरुण कारागिराने स्वतःच्या हाताने हेलिकॉप्टर बनवले होते, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये त्याच्याच चाचणीत पाते लागून त्याचा जीव गेला, हे वाचकांना आठवत असेल. हुनर आमच्या खेड्यांत भरपूर आहे. त्या हुनराला सुरक्षिततेची जोड मिळाली पाहिजे, हा धडा आमच्या गावाने फार मोठी किंमत देऊन घेतला आहे.

वापराची शिस्त

दुरुस्ती कितीही चांगली झाली तरी वापर चुकीचा असेल तर तीन वर्षांत परत तेच. म्हणून काही साधे नियम प्रत्येक उतारावर मराठी, हिंदी आणि उर्दूत रंगवून लावावेत, असे आम्ही सुचवतो.

१. भरलेले ट्रक, टेम्पो आणि ट्रॅक्टर उतारावर नेऊ नयेत. माल वर उतरवावा आणि हमालाला त्याची मजुरी द्यावी.

२. उतारावर नाव फक्त चढवण्या-उतरवण्यापुरती थांबावी. जाळी आवरणे, इंजिन दुरुस्त करणे, गप्पा मारणे हे बाजूच्या मोकळ्या जागेत करावे.

३. नाव टेकलेली असताना इंजिनाचा पंखा जोरात फिरवू नये. बांबूने किंवा हाताने नाव खोल पाण्यात ढकलावी, मग इंजिन सुरू करावे.

४. उतारावर गाड्या धुऊ नयेत. डिझेल आणि ऑईल पाण्यात जाते, मासळीला वास लागतो आणि फरशी निसरडी होते.

५. गुरांना पाणी पाजण्यासाठी आणि बायकांना कपडे धुण्यासाठी बाजूला वेगळे दगड लावून द्यावेत. त्यांना नुसते हाकलून देणे हा अन्याय आहे, कारण पाण्यावर त्यांचाही हक्क आहे.

६. विसर्जनाच्या दिवशी, मग ते गणपतीचे असो, देवीचे असो की ताजियांचे, उतार किती वेळ कोणासाठी राखून ठेवायचा हे आधी बसून ठरवावे. दुसऱ्या दिवशी खिळे, तारा आणि बांबू ज्यांचे त्यांनी उचलावेत.

७. शेवाळ दर पंधरा दिवसांनी तारेच्या ब्रशने आणि रेतीने घासावे. ब्लीचिंग पावडर टाकू नये, ती मासळीला घातक आहे.

यातला पहिला नियम आमच्या व्यापारी बांधवांना टोचेल. आम्हालाही टोचला होता. पण हमालीचे थोडे पैसे वाचवून आपण सार्वजनिक मालमत्ता तोडतो आणि त्याच हमालाचा पाय मोडतो, हा कसला फायदा?

उतारावरच माणसे मोजा

उताराचा संबंध केवळ मालाशी नाही, जिवाशी आहे. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी उजनीच्या जलाशयात करमाळा तालुक्यातील कुगाव आणि इंदापूर तालुक्यातील कळाशी यांच्या दरम्यान नेहमीच्या ये-जा करणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली. ६ जणांचा जीव गेला, त्यात लहान मुलेही होती. त्याच वर्षी १८ जानेवारीला वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटून १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका मृत्यू पावल्या. तेथे बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती आणि बहुतेकांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हते.

नाव एकदा पाण्याच्या मध्यावर गेली की तिथे नियम सांगायला कोणी नसते. वारा पाहणे, माणसे मोजणे, जॅकेट घालणे, हे सर्व काठावर, उतारावरच होऊ शकते. जेथे उतार धड आहे तेथे माणूस रांगेत चढतो आणि मोजता येतो. जेथे उतार मोडका आहे तेथे चार जण चिखलातून, दोघे दगडावरून, एक जण बाजूने उडी मारून चढतो, आणि नावाड्यालाही शेवटी कळत नाही की किती चढले. म्हणून उताराच्या वरच्या टोकाला एक फळा हवा. त्यावर नावेची क्षमता, आजचा वारा आणि 'नाव बंद' किंवा 'नाव चालू' एवढे लिहावे. एका पेटीत जॅकेटे आणि दोर ठेवावा. जॅकेट नावाड्याच्या घरी कुलपात असून उपयोग नाही.

इंजिनावर चालणाऱ्या नावांची नोंदणी आणि तपासणी यासाठी १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी २०२१ साली नवा अंतर्देशीय जलयान कायदा आला आहे. कायदा दिल्लीत झाला, पण त्याची पहिली पायरी आपल्या काठावरचा हा उतार आहे.

पुराच्या वेळीही हेच. २२ जुलै २०२३ रोजी आमच्या महागाव तालुक्यातील आनंदनगर तांडा पुराने वेढला गेला आणि अडकलेल्या लोकांसाठी हवाई दलाची हेलिकॉप्टरे मागवावी लागली, ही बातमी देशभर गेली होती. पुरात बचावाचे मुख्य साधन बोटच असते. ती बोट ट्रकवरून उतरवून पाण्यात सोडायला धड जागा असेल तर वेळ वाचतो, आणि अशा दिवशी थोडासा वेळही फार मोलाचा असतो.

मासळीचा हिशेब

व्यापाराच्या पानावर हिशेब आलाच पाहिजे. उजनीच्या काठचे भिगवण हे गाव मासळीच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. तेथे पहाटेपासून लिलाव होतो, आणि लिलावात भाव ठरतो तो मासळीच्या ताजेपणावर. डोळा स्वच्छ, कल्ला लाल, मांस घट्ट असेल तर एक भाव. एक-दोन तास उन्हात गेले की दुसरा.

समजा एका उतारावर रोज दहा नावा येतात आणि प्रत्येकीत ३० किलो मासळी आहे. म्हणजे ३०० किलो. उतार मोडका असल्यामुळे मासळी बर्फापर्यंत उशिरा पोहोचली आणि किलोमागे फक्त ५ रुपये भाव उतरला, तर रोजचे १५०० रुपये गेले. वर्षात मासेमारीचे दिवस २०० धरले तर ३ लाख रुपये होतात. आकडे प्रत्येक तलावाचे वेगळे असतील, वाचकांनी आपापल्या काठावर मोजून पाहावेत. पण एवढे नक्की की ३५ पोती सिमेंटचा खर्च या नुकसानीपुढे काहीच नाही. आणि हे नुकसान मासेमारावर थांबत नाही. तो किराणावाल्याकडे, डॉक्टरकडे आणि आमच्या दुकानात येतो.

जबाबदारी कोणाची?

येथेच घोडे अडते. जलाशयाची जमीन आणि पाणी जलसंपदा विभागाचे. मासेमारीचा ठेका मत्स्यव्यवसाय विभागामार्फत सहकारी संस्थेला. काठावरचा रस्ता जिल्हा परिषदेचा किंवा ग्रामपंचायतीचा. उतार या तिघांच्या मध्ये पडलेला. प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. म्हणून आमचे सांगणे असे की अर्ज एकाच कार्यालयात देऊन थांबू नये. एकच अर्ज तिन्ही ठिकाणी द्यावा, प्रत्येकाकडून पोच घ्यावी आणि अर्जात इतर दोन कार्यालयांची नावे लिहावीत. उत्तर आले नाही तर २००५ चा माहितीचा अधिकार आहेच. आणि एक सावधगिरी. लेखी परवानगीशिवाय धरणाच्या हद्दीत कोणीही स्वतःच्या मनाने खोदकाम किंवा काँक्रीट करू नये, विशेषतः बांधाच्या जवळ. चांगल्या हेतूने केलेले कामही तेथे धोक्याचे ठरू शकते.

आमच्यासारख्या ज्यांचा हात अर्ज लिहिताना कचरतो, त्यांच्यासाठी एक छोटा नमुना देत आहोत :

"महोदय, ______ जलाशयावरील ______ गावाजवळच्या नावेच्या उताराचे पाण्याकडील टोक सुमारे ____ फूट तुटले असून खाली खड्डा पडला आहे. त्यामुळे दि. ______ रोजी ______ ही घटना घडली. सदर टोक मे महिन्यात उघडे पडते. तरी पाहणी करून अंदाजपत्रक मार्चपूर्वी मंजूर करावे आणि प्रत्यक्ष काम मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात करावे, ही विनंती. सोबत छायाचित्र जोडले आहे. प्रत माहितीसाठी : ______."

खाली मासेमार, नावाडी, व्यापारी आणि ग्रामपंचायत सदस्य अशा सर्वांच्या सह्या घ्याव्यात. ज्याला सही येत नाही त्याचा अंगठा घ्यावा, त्याचे वजन कमी नसते.

वर्षभराच्या देखभालीसाठी मात्र सरकारची वाट पाहू नये. शेवाळ घासणे, दगड परत रचणे, फळा लिहिणे, दोर बदलणे ही कामे काठावरच्या लोकांची समिती करू शकते. मासेमारी संस्था, नावाडी आणि माल नेणारे व्यापारी यांनी महिन्याला थोडी वर्गणी काढावी. व्यापाऱ्यांची वर्गणी जास्त असावी, कारण जड माल आमचा असतो. जमाखर्च दर महिन्याला त्याच फळ्यावर लिहावा. लोकांचा पैसा ही अमानत आहे. हिशेब उघडा असला की वर्गणी मागताना मान खाली घालावी लागत नाही.

शेवटी

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी रस्त्यातील त्रासदायक वस्तू दूर करण्याला ईमानच्या शाखांमध्ये गणले आहे, हे आपल्यापैकी प्रत्येकाने मदरशात किंवा आईच्या मांडीवर ऐकले आहे. आपण रस्त्यातला काटा उचलतो, केळीची साल उचलतो. तलावाचा उतार हाही रस्ताच आहे, आणि त्यावरचे शेवाळ हा काटाच आहे. त्यावरून चालणारा भोई आहे, बंजारा आहे, मुसलमान आहे, कोणीही आहे. घसरताना पाय कोणाची जात विचारत नाही.

ज्या उतारावर आमचे गठ्ठे भिजले, तेथे आम्ही नंतर अर्ज लिहिला. शाळेत शिकणाऱ्या आमच्या मुलीने तो शुद्ध करून दिला. अकरा सह्या झाल्या. पहिल्या वर्षी काही झाले नाही, दुसऱ्या वर्षी पाहणी झाली, तिसऱ्या वर्षी मे महिन्यात टोकाचे काम झाले. काम चालू असताना आम्ही दोनदा जाऊन गोणपाट ओले आहे की नाही ते पाहिले. दुसऱ्या खेपेला ते कोरडे होते. आम्ही आणि तो जुना हमाल, दोघांनी बादलीने पाणी मारले. त्यानंतर आमचा टेम्पो त्या उतारावर कधी उतरला नाही. माल वर उतरतो आणि हमाल तो खाली नेतो. त्याला त्याची मजुरी मिळते आणि आमचा माल कोरडा पोहोचतो.

वाचक बंधू-भगिनींनो, तुमच्या गावाजवळ तलाव असेल तर या जानेवारीत एकदा काठावर जाऊन या. नावाड्याला विचारा, टोक कुठे तुटले आहे. मग अर्ज लिहा. अल्लाह आपणा सर्वांना लोकांच्या उपयोगी पडण्याची तौफीक देवो. आमीन.